कुमार गंधर्व : देवासची ती पाच वर्षे

हुडकोतील मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चरित्रनायक निवडताना आमचे मन पुण्या-मुंबईकडे न जाता देवासकडे वळले. २००० सालापर्यंत देवास व भिलाई एकाच राज्यात होती. आणि कुमारही आपणासारखेच दुरून येऊन या मुलखात रुजले.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. बालवयातच ते कुमार गंधर्व म्हणून विख्यात झाले. पुढे मुंबईस प्रा. देवधरांकडे त्यांनी विद्या घेतली. १९४७ साली भानुमतीबाईंशी विवाह झाला आणि संसार मांडतो न मांडतो तोच क्षयाने गाठले.

कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत हे दांपत्य माळव्यात देवासला आले. क्षय हा त्या काळी राजरोग. त्यातून रुग्ण गवई! गाण्यास सक्त मनाई झाली. भानुताईंनी शाळेत नोकरी धरली, घर चालविले, शुश्रूषाही केली. (चरित्रकार अशा माउलींना दोन ओळींत आटोपतात, हे आम्हांस नेहमीच खटकते.) कुमार अंथरुणावर पडून ऐकत राहिले. रस्त्याने जाणारे भजनी, माळवी स्त्रियांची गाणी, नाथपंथीयांची निर्गुणी पदे, सारे कानांत साठत गेले. त्या लोकधुनांतूनच पुढे त्यांचे धुनउगम राग निघाले.

अमेरिकेत १९४३ साली सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन १९५२ च्या सुमारास त्यांना मिळाले आणि आजार हटला. परंतु एक फुफ्फुस निकामी झाले होते. पूर्वीचा दमसास आता येणे नव्हते. तेव्हा कुमारांनी आहे त्या श्वासाच्या मापाने गाणे नव्याने बेतले : लहान, झेपावणारे स्वरसमूह, मध्ये बोलकी विश्रांती, पुन्हा उसळी. १९५३ साली ते मैफलीत परतले. ही तुटक गायकी कित्येक जाणकारांना रुचली नाही. आम्हांस मात्र तिच्या थांब्यांतही सूर ऐकू येतो.

१९६१ मध्ये दुसऱ्या पुत्राच्या जन्मवेळी भानुताई निवर्तल्या. पुढे वसुंधराताई सहधर्मचारिणी झाल्या. १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हा बंदिशींचा ग्रंथ आला, १९९० मध्ये पद्मविभूषण. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला. प्रकृती सुधारल्यावरही ते गाव त्यांनी सोडले नव्हते.