कुमार गंधर्व : एका बालगायकाची मनोधारणा

धारच्या गडकालिकेपुढे किंवा देवासच्या टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन्ही मातांपुढे नवरात्रात लहान मुलांना स्तोत्रे म्हणताना ज्यांनी ऐकले आहे, त्यांना एक दृश्य परिचयाचे असेल. मूल पुढे येते, हात जोडते, चार श्लोक खणखणीत म्हणते आणि पाचव्याला अडखळते. मग त्याचे डोळे देवीकडे वळत नाहीत, ते मंडळींत बसलेल्या आईवडिलांचा चेहरा शोधू लागतात. त्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते, त्याचा ठसा मुलाच्या मनावर पुष्कळ वर्षे राहतो. मी स्वतः सात वर्षांचा असताना असाच अडखळलो होतो. पूजेला बसलेल्या माझ्या वडिलांनी मान वर न करता पुढचा चरण हलकेच म्हटला, आणि मी तो उचलून स्तोत्र पुरे केले. त्यानंतर घरी त्या गोष्टीचा उल्लेखही झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र त्यांनी मला शेजारी बसवून तेच स्तोत्र अर्थासह पुन्हा शिकवले.

मुलाच्या मनाला उभारी कशाने येते, या प्रश्नाचा विचार करू लागलो की आपल्या देवासच्या एका थोर रहिवाशाचे चरित्र मला आठवते. पंडित कुमार गंधर्वांचे गाणे आपल्यापैकी अनेकांनी ऐकले आहे. परंतु त्यांच्या बालपणाकडे आणि त्या बालपणाने पुढे त्यांना संकटात कसे तारले याकडे आपण फारसे पाहत नाही.

त्यांचे मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. बेळगावनजीक सुळेभावी या गावी 8 एप्रिल 1924 रोजी एका कानडी लिंगायत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील सिद्धरामय्या स्वतः गात असत आणि घरात संगीताची आवड होती. शिवपुत्राला मात्र कुणी मुद्दाम गाणे शिकवले नव्हते. सहासात वर्षांचा असताना तो एकाएकी गाऊ लागला, आणि गाऊ लागला तो थेट त्या काळच्या मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका. त्या तबकड्यांत जेवढे गाणे असे, तेवढे सगळे, ताना-हरकतींसकट, या बालकाच्या गळ्यातून जसेच्या तसे उतरे. ऐकणारे थक्क होत. एका मठाधिपतींनी प्रसन्न होऊन त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. गावोगावी जलसे होऊ लागले. ज्या वयात इतर मुले पाटीवर बाराखडी गिरवतात, त्या वयात या मुलाभोवती टाळ्यांचा कडकडाट होता.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आपल्या मुलाला असे यश लाभले तर आपण देवाला नारळ वाढवू. परंतु या यशात एक मोठा धोका दडलेला होता. मुलाजवळ जे होते, ते सगळे दुसऱ्याचे होते. बुवांची तान बुवांची, खाँसाहेबांची आर्तता खाँसाहेबांची. टाळ्या पडत त्या हुबेहूबपणाला. बालगायकाचा गळा वयात येताना बदलतो, लोकांचे कुतूहल ओसरते आणि काल ज्याला डोक्यावर घेतले त्याला आज कोणी विचारीत नाही, असे कितीतरी वेळा घडत आले आहे. ज्या मुलाला स्वतःची किंमत टाळ्यांवरूनच ठरवण्याची सवय लागते, ते मूल टाळ्या थांबल्या की आतून कोसळते.

कुमारांच्या बाबतीत हे घडले नाही, याचे श्रेय दोघांना आहे. पहिले त्यांच्या वडिलांना, कारण मुलगा नावारूपाला आलेला असतानाही त्याला शिक्षणाची गरज आहे हे त्यांनी मान्य केले. दुसरे प्रोफेसर बी. आर. देवधर यांना. देवधर हे पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. मुंबईत ऑपेरा हाऊसनजीक त्यांचे संगीत विद्यालय होते. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये भरलेल्या संगीत परिषदेत या बालकाचे गाणे झाले. तेव्हा त्याला बारावे वर्ष चालू होते. सभागृह भारावून गेले. आणि त्याच वर्षी वडिलांनी त्याला देवधरांच्या स्वाधीन केले.

या घटनेचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. परिषद जिंकलेला मुलगा विद्यार्थी होऊन चटईवर बसला. गळ्यात उतरलेल्या गाण्यामागे कोणता विचार आहे, एक राग दुसऱ्यापासून वेगळा का होतो, एखादा स्वर लावायचा तो कशासाठी, हे सारे त्याला आता समजून घ्यायचे होते. नकलेत चूक होत नाही, कारण तेथे प्रयोगच नसतो. शिकताना मात्र पदोपदी चुका होतात. कौतुकाची सवय झालेल्या मुलाला चुका करू देणे, त्या चुकांनी त्याची पायरी उतरत नाही हा भरवसा त्याला देणे, हे गुरूचे खरे काम असते. देवधरांची दृष्टी उदार होती. एकाच घराण्याच्या कुंपणात शिष्याला कोंडावे असे त्यांना वाटले नाही. निरनिराळ्या घराण्यांचे गायक-वादक त्यांच्या विद्यालयात येत. कुमारांनी त्या सर्वांना ऐकले, पारखले. अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्यांना विद्या मिळाली. जो मुलगा इतरांसारखे गात होता, तो आपल्यासारखे गाण्याचा मार्ग शोधू लागला. विशी गाठेपर्यंत ते त्याच विद्यालयात इतरांना शिकवूही लागले होते. मनाची बैठक तयार झाली ती या अकरा-बारा वर्षांत.

तिची परीक्षा लवकरच व्हायची होती. 1947 साली कुमारांचा विवाह विद्यालयातील विद्यार्थिनी भानुमती कंस यांच्याशी झाला आणि त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे घराघरांत धडकी भरवणारा शब्द होता. वैद्यांनी कोरड्या हवेच्या ठिकाणी जाण्याचा सल्ला दिला, म्हणून 1948 च्या जानेवारीअखेर हे नवपरिणीत दांपत्य देवासला आले. गाण्याची सक्त मनाई झाली. सहाव्या-सातव्या वर्षापासून ज्याची सारी ओळखच गाण्याने झाली होती, त्या तेवीस वर्षांच्या तरुणाला खाटेवर निश्चल पडून राहावे लागले. पुन्हा कधी गाता येईल की नाही, याची शाश्वती कुणीच देऊ शकत नव्हते. भानुमतीबाईंनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि संसार व शुश्रूषा ही दोन्ही ओझी उचलली.

सुमारे पाच वर्षे ही अवस्था चालली. टाळ्या नाहीत, श्रोते नाहीत, गळाही नाही. पण कान होते, आणि आत घडलेले मन होते. खिडकीबाहेरून माळवी बायका गाणी गात जात. लग्नाची गाणी, पावसाची गाणी, सणावारांची गाणी. पाखरांचे आवाज येत. शीलनाथ महाराजांच्या धुनीमुळे नाथपंथी साधूंचा देवासशी जुना संबंध, त्यामुळे फिरत्या जोग्यांची निर्गुणी भजनेही कानी पडत. आपण जे रोज ऐकतो आणि विसरतो, ते त्यांनी पडल्या पडल्या मन लावून ऐकले. चार-पाच स्वरांच्या या साध्या धुनांतच रागांचे बीज आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. भानुमतीबाईंच्या साहाय्याने त्यांनी माळव्याची शेकडो लोकगीते गोळा केली. पुढे या धुनांतूनच त्यांनी मालवती, संजारी, लगनगंधार, अहिमोहिनी असे नवे राग उभे केले.

हे कसे शक्य झाले? माझ्या अल्प मतीला असे वाटते की, कुमारांचा आनंद केवळ गाऊन दाखवण्यात उरला नव्हता, तो समजून घेण्यात रुजला होता. गाऊन दाखवणे आजाराने हिरावून घेतले. समजून घेणे आजाराला हिरावता आले नाही.

त्या सुमारास स्ट्रेप्टोमायसीन हे नवे औषध उपलब्ध होऊ लागले होते. त्याने गुण आला आणि 1953 च्या सुमारास कुमार पुन्हा मैफलीत गाऊ लागले. एक फुप्फुस निकामी झाल्यासारखेच होते, दीर्घ पल्ल्याचा दमसास राहिला नव्हता. म्हणून रडत न बसता त्यांनी लहान, तेजस्वी स्वरवाक्यांची आपली निराळी गायकी घडवली. ती परंपरेला सोडून आहे, अशी टीकाही झाली. त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. 1961 साली दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी भानुमतीबाई निवर्तल्या, तो आघातही त्यांनी सोसला. पुढच्या वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या त्यांच्या गाण्यातही सहचारिणी झाल्या. टेकडीच्या पायथ्याच्या आपल्या घराला त्यांनी नाव दिले ते भानुकुल. 1965 साली त्यांचा अनूपरागविलास हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कबीरादी संतांची निर्गुणी भजने त्यांच्या तोंडून साऱ्या देशाने ऐकली. 1990 साली पद्मविभूषण हा सन्मान त्यांना मिळाला आणि 12 जानेवारी 1992 रोजी देवासलाच त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या एका कार्यक्रमाचे नाव मला फार बोलके वाटते. बालगंधर्वांची नाट्यपदे त्यांनी मैफलीत सादर केली, तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिले मला उमजलेले बालगंधर्व. लहानपणी इतरांची हुबेहूब नक्कल करून वाहवा मिळवणारा तो मुलगा प्रौढपणी एका थोर गायकापुढे पुन्हा उभा राहिला, पण या वेळी नकलेसाठी नव्हे. मला जेवढे उमजले तेवढे मी गातो, ही त्यामागची भूमिका. तिच्यात नम्रता आहे आणि आत्मविश्वासही आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे आपण मुलांना फार क्वचित सांगतो.

आपली सारी मुले काही गंधर्व होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसावी. परीक्षेत गुण कमी पडतील, खेळात हार होईल, जिवाभावाचा मित्र दुरावेल, कुणाला आजारपणात वर्ष गमवावे लागेल. त्या वेळी आपण पूर्वी वाजवलेल्या टाळ्या त्याच्या उपयोगी पडणार नाहीत. उपयोगी पडेल ते त्याने स्वतः समजून मिळवलेले काहीतरी, मग ते एखादे स्तोत्र असो, गणिताचे प्रमेय असो की हातचे एखादे काम असो. आणि उपयोगी पडेल तो आपला भरवसा, की चुकल्याने घरातली जागा हलत नाही. कौतुक अवश्य करावे. पण मुलाने काय म्हणून दाखवले एवढेच न विचारता त्याला त्यातले काय कळले, काय आवडले, हेही विचारावे. जे कळले नाही ते कबूल करण्याची त्याला लाज वाटू नये, एवढी काळजी घ्यावी.

येत्या नवरात्रात आपली लेकरे पुन्हा देवीपुढे उभी राहतील. त्यांतले एखादे पाचव्या श्लोकाला अडखळेल आणि मागे वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहील. त्या वेळी आपण पुढचा चरण हलकेच म्हणावा आणि बाकीचे मुलावर सोपवावे. आईच्या दारात अडखळलेले लेकरू आजवर कधी परत पाठवले गेलेले नाही.