घरोघरच्या लक्ष्मीचे चित्रकार : राजा रविवर्मा

आश्विन वद्य अमावास्येच्या सायंकाळी चौरंगावर कलश, जमाखर्चाच्या वह्या, नवी केरसुणी आणि मागे भिंतीशी टेकविलेली लक्ष्मीची तसबीर, अशी पूजेची मांडणी आपल्याकडे असंख्य घरांत होते. कमलावर उभी असलेली चतुर्भुज माता आणि सोंडेत माळ धरून आलेला गजराज, हे रूप आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की, ते कोणा मानवाच्या कुंचल्यातून उतरले असेल हे ध्यानीही येत नाही. ते रूप घरोघरी पोहोचविणारे चित्रकार राजा रविवर्मा यांचे स्मरण आज करावे, असे आम्हांस वाटते. कलावंताच्या दारी लक्ष्मी कशी येते आणि आलेली कशी निघून जाते, या दोन्ही गोष्टींचा बोध त्यांच्या चरित्रात आहे.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. मातोश्री उमाअंबाबाई काव्यरचना करीत. मामा राजराजवर्मा चित्रे काढीत. भाच्याचा हात पाहून मामांनी त्यास चौदाव्या वर्षी तिरुवनंतपुरमच्या दरबारी नेले. तैलरंगांचे मर्म उलगडून सांगणारा गुरू मात्र तेथे लाभला नाही. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारी आले, तेव्हा त्यांचे काम बसून पाहावे, एवढीच मुभा मिळाली. पाहून पाहूनच ही विद्या साध्य झाली.

विद्या हाती आली, तरी तिचे मोल देणारा कोण? राजकुलाशी सोयरीक असलेल्या पुरुषाने चित्राचे पैसे घेणे, ही त्या काळी सरळ गोष्ट नव्हती. १८७० मध्ये त्यांनी कोल्लूरच्या मूकांबिकेच्या चरणी जाऊन उपासना केली आणि त्यानंतर कोळिकोडच्या एका न्यायाधीशाच्या कुटुंबाचे चित्र काढण्याचे काम मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मोबदला घेऊन केलेले ते त्यांचे पहिले काम. देवीने आशीर्वाद दिला. परंतु गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत चालत जावे लागले ते रविवर्म्यांनाच.

पुढे त्यांनी प्रदर्शनांचा मार्ग धरला. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास सुवर्णपदक मिळाले. दुष्यंतास पत्र लिहिणारी त्यांची शकुंतला मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतली. कालिदासाची नायिका पोथीतून उठून रसिकाच्या दिवाणखान्यात गेली, ती अशी. कीर्ती झाली की बोलावणी येतात. १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या राज्याधिकारग्रहणाच्या सुमारास बडोद्याचे बोलावणे आले. पुढे त्याच दरबाराने रामायण-महाभारतावरील चौदा चित्रांचे मोठे काम सांगितले. त्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू राजराजवर्मा उत्तरेकडे हिंडले. सीता, दमयंती, द्रौपदी यांची वेशभूषा सर्व प्रांतांना आपली कशी वाटेल, याचा शोध त्यांनी घेतला. १८९० मध्ये चित्रे पुरी झाली, तेव्हा ती पाहावयास लोकांची रीघ लागली.

परंतु पाहणारे सहस्रावधी आणि विकत घेणारा एकच! आम्हां कीर्तनकारांस हा अनुभव नवा नाही. मंडप भरलेला असतो आणि बिदागी मात्र एकाच यजमानाच्या हातची असते. या अडचणीवरील उपाय दिवाण सर टी. माधवराव यांनी पूर्वीच सुचविला होता. एकच चित्र सर्वांना देता येणार नाही. तेव्हा त्याच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात, असा त्यांचा सल्ला होता. राजाकडून एकदम मोठी रक्कम घेण्याऐवजी सामान्य गृहस्थांकडून थोडे थोडे घ्यावे, हे त्यातील मर्म.

त्यानुसार १८९४ मध्ये मुंबईस गिरगावात शिळाछापखाना उभा राहिला. यंत्रे जर्मनीची, कारागीरही तिकडचे. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड सिद्ध करावयाचा आणि एकाच कागदावर एकामागून एक रंग अचूक बसवावयाचा, असे ते कष्टाचे काम होते. शकुंतलेच्या जन्माचे चित्र प्रथम बाहेर पडले आणि मागोमाग लक्ष्मी, सरस्वती आदी देवता आल्या. ज्यांना देवळाच्या उंबरठ्याबाहेर उभे केले जाई, त्यांच्याही घरी देव आले. या एका पुण्यासाठीच आम्ही त्या छापखान्यास हात जोडतो.

तथापि गिऱ्हाईक मिळाले म्हणजे व्यवहार साधला, असे नव्हे. यंत्रे, दगड, कारागिरांचे पगार यांचा खर्च थोर होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगाने थैमान घातले. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. दरबारी कामांतून मिळालेले द्रव्य छापखान्याच्या पोटात जात राहिले. अखेर विसाव्या शतकाच्या आरंभी तो छापखाना तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांस विकावा लागला. ज्यांनी लक्ष्मी घरोघरी नेली, त्यांच्या खातेवहीत ती स्थिरावली नाही. १९०५ मध्ये बंधू निवर्तले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्म्यांनीही देह ठेवला. नव्या मालकाकडे छापखाना पुढे अनेक वर्षे चालला. १९७२ मध्ये आगीत तो भस्मसात झाला.

देवाची चित्रे विकणे उचित काय, असा प्रश्न काही भाविक आम्हांस करतात. मूर्तिकार गणपती घडवितो, माळी हार गुंफतो, त्यांना आपण मोल देतोच. त्याने देवाचे देवपण उणावत नाही. कारागिराच्या पोटास घातलेले द्रव्य हीही पूजाच होय. उलट मोल न देता केवळ वाहवा करणे, हीच कलेची खरी उपेक्षा. ज्यांच्या घरी पणत्या रंगविण्याचे, रांगोळीचे साचे करण्याचे वा मूर्ती घडविण्याचे काम चालते, त्यांनी या चरित्रातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्या कलेला ज्या घरात जागा आहे, त्या घरापर्यंत आपण जावे, आणि किती विकले गेले याबरोबरच खर्च वजा जाता काय उरले, हेही वहीत रोज मांडावे. लक्ष्मीपूजनात वहीस चौरंगावर मान दिला आहे, तो उगीच नव्हे.

सर्व गृहस्थांच्या घरी, आणि विशेषेकरून कारागिरांच्या घरी, श्रीलक्ष्मी स्थिर राहो, ही तिच्या चरणी प्रार्थना.