बद्रुद्दीन तय्यबजी आणि शाळेची इमारत

मुलांनो, वसई, नालासोपारा किंवा विरारहून लोकलने चर्चगेटला जावे आणि तेथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत चालत जावे. स्टेशनची भव्य इमारत पाहून डोळे दिपतात. नंतर त्या इमारतीकडे पाठ करून उभे राहावे. रस्त्याच्या पलीकडे दुसरी एक दगडी इमारत दिसते. तिला घुमट आहेत, उंच मनोरा आहे आणि कमानींच्या रांगा आहेत. पुष्कळ लोकांना तो एखाद्या नवाबाचा वाडा वाटतो. पण ती शाळा आहे. अंजुमन-ए-इस्लामची शाळा. ही शाळा उभी करण्यासाठी ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली, त्या बद्रुद्दीन तय्यबजी यांची ही गोष्ट आहे.

बद्रुद्दीन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील तय्यबअली हे व्यापारी होते. मुलांनी खूप शिकावे, असे त्यांना वाटे. बद्रुद्दीन प्रथम मदरशात उर्दू व फारसी शिकले आणि मग एल्फिन्स्टन संस्थेत गेले. पुढील शिक्षणासाठी वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवले. तेथे ते कायदा शिकू लागले. पण त्यांचे डोळे फार अधू झाले. शिक्षण मध्येच सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. दुसरा कोणी असता तर घरीच राहिला असता. घरचा व्यापार होताच. पण थोडे बरे वाटताच बद्रुद्दीन पुन्हा इंग्लंडला गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले.

त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये बद्रुद्दीन मुंबईला परत आले. मुंबई उच्च न्यायालयातील ते पहिले भारतीय बॅरिस्टर होते. त्यांची वकिली उत्तम चालू लागली. मान मिळाला, पैसा मिळाला.

पण एक गोष्ट त्यांना अस्वस्थ करत होती. मुंबईत नव्या शाळा निघत होत्या. त्यांत मुसलमान मुले फार थोडी होती. आपली मुले इंग्रजी शिकली तर आपली भाषा आणि आपला धर्म विसरतील, अशी भीती अनेक पालकांना वाटे. बद्रुद्दीन यांनी या भीतीची थट्टा केली नाही. उर्दूही शिकवील आणि इंग्रजीही शिकवील, अशी शाळा काढावी, असे त्यांनी ठरवले. १८७४ साली त्यांनी आपले थोरले बंधू कमरुद्दीन आणि इतर मित्रांच्या साहाय्याने अंजुमन-ए-इस्लाम ही संस्था स्थापन केली. १८८० साली संस्थेची शाळा सुरू झाली.

आता शाळेला स्वतःची इमारत हवी होती. जागा सरकारने दिली, तीही शहराच्या मध्यभागी, नव्या रेल्वे स्टेशनसमोर. समाजातील लोकांनी वर्गणी दिली. जेम्स विलकॉक्स या वास्तुविशारदाने आराखडा तयार केला. १८९० साली मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते पायाचा दगड बसवला गेला. १८९३ साली इमारत पूर्ण झाली.

एवढा खर्च दगडांवर का करावा? चांगला शिक्षक असेल तर शिक्षण झाडाखालीही होते, असे तुम्ही म्हणाल. पण मुंबईत चार महिने पाऊस कोसळतो, हे विसरू नका. शिवाय जो पालक मुलाला शाळेत पाठवायला कचरतो, त्याला ही शाळा दोन दिवसांत बंद पडणार नाही, असा भरवसा वाटायला हवा. भक्कम दगडी भिंत हा भरवसा देते.

ही इमारत कशी उभी राहिली, तेही समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी आपल्याकडे सिमेंट काँक्रीटचे सांगाडे नव्हते. छपराचे आणि मजल्यांचे सगळे वजन भिंतींवर येई आणि भिंतींमधून पायावर जाई. म्हणून भिंती फार जाड बांधत. दगड चुन्याने जोडत. भिंतीत मोठी खिडकी ठेवायची तर वरचे वजन कोण पेलणार? त्यासाठी कमान असे. आपण उर्दूत जिला मेहराब म्हणतो, तीच ही कमान. तिचे दगड एकमेकांना दाबून धरतात आणि वरचे वजन दोन्ही बाजूंना नेतात. बाजूची भिंत कच्ची असेल तर कमान तिला बाहेर ढकलते. म्हणजे कमान दिसायला नाजूक असली, तरी तिचा हिशेब चुकवून चालत नाही. मोठ्या खिडक्यांमुळे वर्गात भरपूर उजेड येतो. ज्यांचे डोळे तरुणपणीच अधू झाले, त्या बद्रुद्दीन यांना हा उजेड किती मोलाचा वाटला असेल, असे माझ्या मनात येते.

आज आपल्या वसई-विरार भागात नवी शाळा बांधताना भिंतींवर वजन टाकत नाहीत. लोखंडी सळ्या घातलेले काँक्रीटचे खांब आणि तुळया वजन घेतात. खाडीलगतची आणि मिठागराजवळची जमीन मऊ असते. म्हणून अभियंते आधी जमिनीत खोल भोक पाडून माती तपासतात. गरज पडल्यास कठीण खडकापर्यंत खांब उतरवतात. पद्धत बदलली, पण वजन शेवटी जमिनीवरच जाते.

बद्रुद्दीन केवळ शाळेपुरते राहिले नाहीत. १८८७ साली मद्रास येथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. तेव्हा न्यायमूर्ती तय्यबजी यांनी टिळकांना जामीन दिला. सरकार काय म्हणेल, याची त्यांनी पर्वा केली नाही. आपल्या मुलींनाही त्यांनी शाळेत पाठवले. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. अंजुमनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे अखेरपर्यंत होते.

१९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची संस्था मात्र वाढत राहिली. भायखळ्याचे साबू सिद्दिक तंत्रनिकेतन याच अंजुमनचे आहे. इमारतींचे आराखडे कसे करावेत आणि पाया किती खोल घ्यावा, हे तेथे मुलांना शिकवले जाते.