खाँसाहेबांचं घर आणि घराणं

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. किराणा घराणं हे नाव त्या गावावरून पडलं. वाण्याच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही, हे अजूनही काहींना सांगावं लागतं. तरुण वयात ते बडोद्याच्या दरबारात गायक झाले. तिथे सरदार माने यांची मुलगी ताराबाई त्यांच्याकडे गाणं शिकू लागली. सूर जुळले, आणि दोघांनी बडोदा सोडून मुंबई गाठली.

१९१३ साली खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुसलमान उस्तादाच्या शाळेचं हे नाव तेव्हा कुणाला खटकलं असेल, तरी विद्यार्थी आले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांच्याच तालमीत तयार झाले.

पण घर टिकलं नाही. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, सकीनाची पुढे सरस्वती राणे झाली. थोरली चंपाकली हिराबाई बडोदेकर म्हणून महाराष्ट्राची लाडकी गायिका ठरली. तिला तालीम मिळाली ती अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून. मुलांनी बापाचं नाव लावलं नाही, गाणं मात्र त्याच घराण्याचं गायलं. खाँसाहेबांना त्याचं काय वाटलं असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

ते मिरजेतच राहिले. त्यांचा आवाज बारीक, उंच. पण एकेका सुरावर ते असे थांबत की ऐकणाऱ्याला पुढच्या सुराची घाई उरत नसे. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मान होता. कर्नाटक संगीताची सरगम त्यांनी आपल्या ख्यालात मुरवली, त्यागराजांची रचनाही गायली. त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीच्या ध्वनिमुद्रिकेने कर्नाटकातल्या एका शाळकरी पोराला वेड लावलं. तो पोरगा म्हणजे भीमसेन जोशी.

ऑक्टोबर १९३७मध्ये मद्रासची मैफल आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. गाडीत छातीत कळ आली, म्हणून सिंगपेरुमाळकोइल या लहानशा स्टेशनावर उतरवलं. फलाटावर अंथरूण घातलं. प्रार्थना करून, दरबारी कानड्यात अल्लाहची आळवणी करत त्यांनी डोळे मिटले, असं सांगतात. देह मिरजेला आणला आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केला. दरवर्षी उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. रात्र सरते, तंबोरे उतरत नाहीत.