कै. ललिताबाई पवार

ज्या पालकांनीं १९८७ सालीं दूरदर्शनवर 'रामायण' पाहिलें, त्यांना मंथरेची ती वांकडी नजर अद्याप आठवत असेल. कैकेयीच्या कानाशीं लागणाऱ्या त्या दासीला पाहून लहानथोर सारेच दांतओठ खात. ती भूमिका करणाऱ्या ललिताबाई पवार यांचें चरित्र मात्र विद्यार्थ्यांनीं अवश्य जाणून घ्यावें असें आहे. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजीं नाशिक जिल्ह्यांत, पैठणीसाठीं प्रसिद्ध असलेल्या येवलें गांवीं झाला. त्यांचें माहेरचें नांव अंबा सगुण. वडील लक्ष्मणराव कापडाचे व्यापारी होते. तो मूकपटांचा काळ होता, आणि मुलीनें चित्रपटांत काम करणें कमीपणाचें मानीत. तरीही अंबेनें बालवयांतच मूकपटांत प्रवेश केला व तरुणपणीं ती नायिका झाली. पुढें बोलपट आले. पार्श्वगायन तेव्हां रूढ झालें नव्हतें. नटींना आपलीं गाणीं आपणच म्हणावीं लागत. १९३५ सालच्या 'हिम्मते मर्दा' या बोलपटांत ललिताबाईंनींही गायन केलें. त्यापूर्वीं १९३२ सालीं 'कैलास' या मूकपटाच्या निर्मितींतही त्यांनीं भाग घेतला होता.

अशी भरभराट चालू असतां १९४२ सालीं त्यांच्यावर मोठें संकट कोसळलें. एका प्रसंगांत सहनटानें त्यांच्या मुखांत मारावयाचें होतें. नवखेपणामुळें त्याचा हात फारच जोरानें बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली व डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. दीर्घकाळ औषधोपचार झाले, परंतु डोळा पूर्ववत् झाला नाहीं. नायिकेचें सारें भांडवल तिच्या मुखांत. तेंच असें एका क्षणांत गेलें!

ललिताबाईंनीं नायिकेचें पद सोडलें, पण अभिनय सोडला नाहीं. १९४४ सालीं प्रभात कंपनीच्या 'रामशास्त्री' या चित्रपटांत त्यांनीं राघोबादादांची पत्नी आनंदीबाई साकार केली. बारीक झालेल्या त्या डोळ्यामुळें साधा कटाक्षही आतां धारदार दिसे. आणि त्याचाच उपयोग करून त्यांनीं खाष्ट सासवांच्या व कारस्थानी स्त्रियांच्या भूमिका गाजविल्या. १९५० सालच्या 'दहेज' मधील त्यांची सासू पाहून हुंड्याच्या चालीचा तिटकारा यावा, यांतच त्यांच्या कलेचें यश होतें.

परंतु त्या केवळ दुष्टपणाच दाखवूं शकत असें नव्हे. 'श्री ४२०' (१९५५) मधील त्यांची केळेवाली पाहतांना आमच्या बोरीच्या बाजारांतील एखादी तोंडाळ पण मायाळू बाई आठवते. 'अनाडी' (१९५९) मध्यें त्या मिसेस डीसा नांवाची ख्रिस्ती घरमालकीण झाल्या. भाडेकरूवर सदा खेंकसणारी, पण अंतर्यामीं त्याच्यावर पोटच्या पोराप्रमाणें माया करणारी ही बाई प्रेक्षकांच्या हृदयांत कायमची जाऊन बसली. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें, व १९६१ सालीं संगीत नाटक अकादमीनेंही त्यांचा गौरव केला. बालपणीं सुरू झालेलें हें काम त्यांनीं वृद्धपणापर्यंत चालविलें. २४ फेब्रुवारी १९९८ रोजीं पुणें येथें त्यांचें निधन झालें.

बालमित्रांनो, मंथरेच्या ज्या डोळ्यांत आपणांस कपट दिसलें, तेथें खरोखर काम करीत असतां झालेली जखम होती. वर्गांत कोणाचा डोळा तिरवा असतो, कोणी लंगडतो, आणि त्याला नांवें ठेवणारेही कांहीं असतात. त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. आणि ज्याला असें व्यंग आहे, त्यानेंही ललिताबाईंकडे पाहावें: जें गेलें त्यासाठीं रडत न बसतां, जें उरलें त्यावर त्यांनीं पन्नासांहून अधिक वर्षें आपली कला उभी केली.