महर्षी कर्वे : एकशे चार वर्षांचा जमाखर्च

वाकून नमस्कार केला की शतायुषी होण्याचा आशीर्वाद आपल्याकडे सहज मिळतो. परंतु तो अक्षरशः खरा ठरलेली माणसे विरळाच. महाराष्ट्रातील अशा माणसांत महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. दि. 18 एप्रिल 1858 रोजी जन्मलेल्या अण्णांनी 9 नोव्हेंबर 1962 रोजी पुणे येथे इहलोकीची यात्रा संपविली, तेव्हा त्यांच्या वयाला एकशे चार वर्षे पूर्ण होऊन सहा महिने उलटले होते. स्त्रीशिक्षणाचे आणि विधवांच्या उद्धाराचे त्यांचे कार्य सर्वपरिचित आहे. तथापि एवढे दीर्घ आणि कार्यक्षम आयुष्य कोणत्या पायावर उभे राहिले, आणि त्यांच्याच पिढीतील इतर थोरामोठ्यांना ते का लाभले नाही, या दृष्टीने त्यांच्या चरित्राकडे क्वचितच पाहिले जाते. तसे पाहिले असता आज आपल्या घराघरांत असलेल्या ऐंशी-नव्वदीच्या वडीलधाऱ्यांविषयी बराच बोध होतो.

मुरूडचा किरकोळ मुलगा

अण्णांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. त्यांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील मुरूड. एके काळी सधन असलेले हे घराणे वडिलांच्या काळापर्यंत उतरणीस लागले होते. घरात स्वाभिमान भरपूर, पैसा मात्र बेताचा. प्रकृतीने धोंडोपंत लहानखुरे व बुजरे होते. पुढे शंभरी ओलांडणारा हाच मुलगा, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर ते कोणाला पटले नसते.

1875 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, सरकारी परीक्षेस बसण्यासाठी ते मुरूडहून साताऱ्याला निघाले. अंतर शंभर मैलांहून अधिक, वाट सह्याद्रीच्या घाटातून आणि अरण्यातून, वरून मुसळधार पाऊस. हा सारा प्रवास त्यांनी पायी केला. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षा समितीने त्यांच्या किरकोळ देहयष्टीकडे पाहून, हा सतरा वर्षांचा असूच शकत नाही, असे ठरविले व त्यांना परत पाठविले. दुसऱ्या वर्षी कोल्हापूरहून ती परीक्षा ते उत्तीर्ण झाले. घरच्या परिस्थितीमुळे शिक्षण रखडत गेले आणि मॅट्रिक होईपर्यंत 1881 साल उजाडले. वय तेवीस. 1884 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित विषय घेऊन ते बी.ए. झाले. शाळांत शिकवून व घरोघर शिकवण्या करून त्यांनी मुंबईतील संसार चालविला. त्या काळात बी.ए. पदवी हाती असणे म्हणजे नियमित वेतन, शहरातील वास्तव्य आणि जाणत्या माणसांची संगत, या तिन्ही गोष्टी हाती येणे होते. अण्णांच्या पुढील आयुष्याचा हा पहिला भक्कम आधार होय.

पाच दिवसांच्या अंतराने जन्मलेले दोघे

अण्णांच्या जन्मानंतर अवघ्या पाच दिवसांनी, 23 एप्रिल 1858 रोजी, पंडिता रमाबाई जन्मल्या. दोघेही ब्राह्मण घराण्यातील, दोघांचीही बुद्धी तीव्र. परंतु रमाबाईंचे कुटुंब तीर्थयात्रा करीत देशभर भ्रमण करणारे. 1870 च्या दशकातील दुष्काळाने त्यांचे वडील, आई व थोरली बहीण यांचा बळी घेतला. उपाशीपोटी, अनवाणी, भावासह त्यांनी शेकडो कोस तुडविले. पुढे भाऊ गेला आणि विवाहानंतर दोन वर्षे होण्यापूर्वीच, 1882 मध्ये, पतीही गेले. विलायतेत वैद्यकीय शिक्षण घेण्याची त्यांची इच्छा होती, परंतु कमी झालेल्या श्रवणशक्तीमुळे ती फळास आली नाही. 5 एप्रिल 1922 रोजी, चौसष्टावे वर्ष पूर्ण होण्यास थोडेच दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. अण्णा त्यानंतर चाळीस वर्षे जगले.

एका आयुष्याची दुसऱ्याशी तुलना करून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. तरी तरुणपणीचे उपासमारीचे घाव, वेळेवर न मिळालेले औषधपाणी आणि एकटेपण यांचा हिशेब शरीर कधी ना कधी मागतेच, हेही तितकेच खरे.

अण्णांच्या स्वतःच्या घरातही हेच दुःख शिरले. त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई 1891 मध्ये, ऐन तारुण्यात, निवर्तल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने अण्णा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. मार्च 1893 मध्ये त्यांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला. रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या या गोदूबाई म्हणजेच पुढील आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे. या विवाहाबद्दल मुरूडकरांनी अण्णांवर बहिष्कार घातला. घरच्या मंडळींनाही त्याची झळ सोसावी लागली.

हिंगण्याची वाट

त्या काळातील उच्चवर्णीय विधवेचे जिणे कसे होते, हे आज सांगूनही पटणार नाही. एकभुक्त राहणे, केशवपन, कोपऱ्यातील जागा, घरातील सर्वांत जड काम आणि हाती स्वतःचा एक पैसा नाही. अशा स्त्रीला दीर्घायुष्य लाभले, तरी ते तिला शिक्षेसारखेच वाटावे. अण्णांनी 1896 मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला, तो या स्त्रियांना शिक्षण देऊन स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. प्लेगमुळे व लोकविरोधामुळे आश्रम शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर नेण्याचे ठरले आणि 1900 मध्ये तेथे एक झोपडी उभी राहिली.

कॉलेजातील दिवसाचे काम संपवून अण्णा पुण्याहून हिंगण्यापर्यंत चिखलवाटेने चालत जात, मुलींना शिकवीत आणि पुन्हा चालत परत येत. वर्गणीसाठी दारोदार हिंडणे वेगळेच. साताऱ्याच्या वाटेवर सुरू झालेले हे चालणे पुढे आयुष्यभराचे झाले. आज डॉक्टर जो व्यायाम लिहून देतात, तो अण्णांच्या नित्यकर्मातच होता. मात्र त्यामागे स्वतःचे आरोग्य नव्हते, दुसऱ्याचे काम होते.

1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. 1920 मध्ये मुंबईचे कापड गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. दुर्दैव असे की, हे उदार दाते त्यानंतर दोनच वर्षांत, 1922 मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वीच निवर्तले. अण्णांना पुण्यास आणणारे नामदार गोखले 1915 मध्ये, तेही पन्नाशीच्या आतच गेले. त्यांना मधुमेह होता आणि इन्शुलिनचा शोध लागण्यास अजून काही वर्षे अवकाश होता. फर्ग्युसनचे प्राचार्य आगरकर तर 1895 मध्ये, चाळिशीच्या आतच, दम्याने गेले. धन, विद्या व कीर्ती यांपैकी एकेकटी कोणतीही गोष्ट आयुष्याची हमी देत नाही, हे या नावांवरून दिसते.

सत्तरीनंतरची वाटचाल

इतरांच्या आयुष्यात जेथे निवृत्ती येते, तेथे अण्णांनी नवा खतावणी-ग्रंथ उघडला. 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, ते जगप्रवासास निघाले. युरोप, अमेरिका व जपान येथे त्यांनी स्त्रीशिक्षणाच्या कार्याची माहिती दिली. त्यानंतर आफ्रिकेतील हिंदी बांधवांकडून विद्यापीठासाठी निधी गोळा केला. 1936 मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील मुलांच्या प्राथमिक शिक्षणासाठी महाराष्ट्र ग्रामशिक्षण मंडळ आणि 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद नाहीसा व्हावा म्हणून समता संघ त्यांनी स्थापिला. 1950 मध्ये बाया गेल्या. 1953 मध्ये ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, पित्याच्या देखत गेले. दीर्घायुष्याची ही किंमतही अण्णांनी मुकाट्याने चुकती केली.

1955 मध्ये त्यांना पद्मविभूषण व 1958 मध्ये भारतरत्न हे सन्मान प्राप्त झाले. त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर पंतप्रधान पंडित नेहरू यांच्या उपस्थितीत भव्य सत्कार झाला व त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट प्रसिद्ध करण्यात आले. हयात असलेल्या भारतीयाचे चित्र देशाच्या तिकिटावर येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

हिशेबाची दुसरी बाजू

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान जेमतेम तेवीस वर्षांचे होते. याचा अर्थ सर्वजण तेविसाव्या वर्षी मरत असे नव्हे. असंख्य बालके पाळण्यातच जात, त्यामुळे सरासरी खाली येई. 1951 ते 1961 या दशकातही ती एक्केचाळीसच्या आसपासच होती. म्हणजे अण्णा आपल्या देशबांधवांच्या सरासरीच्या अडीचपट जगले. यावरून गरिबी व कष्ट आयुष्य वाढवितात, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. धुण्यात टिकलेला एक तागा पाहून फाटून गेलेल्या साऱ्या मालाची पारख होत नाही. कोकणातील त्याच गरिबीत जन्मलेली जी बालके दगावली, त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत.

अतिवृद्धांच्या आरोग्यावर जगभर जे संशोधन झाले आहे, तेही हेच सांगते. चीनमध्ये 1998 पासून ऐंशी वर्षांवरील ते शंभरी ओलांडलेल्या हजारो वृद्धांची पाहणी होत आली आहे. तीत असे दिसले की, बालपणी पोटभर अन्न व आजारात औषध मिळालेल्यांची प्रकृती अगदी उतारवयातही तुलनेने बरी राहते. अंघोळ, कपडे घालणे, उठबस ही रोजची कामे स्वतः करण्याची शक्ती स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक टिकलेली आढळते, जरी आयुष्याची वर्षे स्त्रियांच्याच वाट्याला अधिक येतात. आपल्या देशातही 2017-18 मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील बहात्तर हजारांहून अधिक व्यक्तींची मोठी पाहणी झाली. शिक्षण व सांपत्तिक स्थिती यांनुसार उतारवयातील प्रकृतीत अंतर पडते, हे तीतूनही पुढे आले. वंशपरंपरेचा वाटा आहेच, परंतु ती एकटी पुरत नाही. रघुनाथराव हे अण्णांचेच पुत्र होते.

अण्णांच्या जमेच्या बाजूस काय काय होते, ते आता स्पष्ट व्हावे. उशिरा का होईना, पूर्ण झालेले शिक्षण, नियमित वेतन, रोजचे चालणे, पंचावन्न वर्षांहून अधिक काळ साथ देणारी सहधर्मचारिणी, भोवती आश्रमाचे मोठे कुटुंब आणि सकाळी उठून करावयाचे काही काम. अण्णांचे थोरपण असे की, जे आधार त्यांना स्वतःला लाभले, नेमके तेच त्यांनी निराधार स्त्रियांना मिळवून दिले. विद्या, स्वतःची मिळकत, हक्काचे छप्पर आणि माणसात मान. त्यांच्या आश्रमाचे कार्य वरवर शिक्षणाचे दिसते. वस्तुतः त्या स्त्रियांच्या म्हातारपणाचीही ती तरतूद होती.

आज आपल्या समाजात नव्वदी पार केलेल्या आजी पुष्कळ घरांत आहेत. त्यांपैकी अनेकींचे शिक्षण चौथीपुढे गेले नाही, अनेकींना वैधव्य येऊन वीस-तीस वर्षे लोटली आणि दुकानाच्या वहीत त्यांच्या नावे स्वतंत्र खाते कधी उघडले गेले नाही. त्याच घरातील आजोबांची रक्तदाब तपासणी दरमहा होते, आजीचे गुडघे मात्र वयाचे म्हणून सोडून दिले जातात. कमी ऐकू येते म्हणून तिच्याशी बोलणेच कमी केले जाते. कानाचे यंत्र, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, तिच्या नावावर थोडी ठेव, संध्याकाळी मंदिरापर्यंत हात धरून नेणारे कोणी आणि घरच्या निर्णयात तिचे मत विचारणे, या गोष्टींस फार मोठे धन लागत नाही.

ज्या हिंगण्याच्या माळावर एक झोपडी उभी राहिली, तो परिसर आज कर्वेनगर म्हणून ओळखला जातो आणि तेथील संस्थेत आजही हजारो मुली शिकत आहेत. त्या मुली जेव्हा ऐंशी-नव्वदीच्या होतील, तेव्हा त्यांच्या हाती विद्या असेल, स्वतःची मिळकत असेल. आपल्या घरातील आजींना ते मिळाले नाही. त्यांच्यासाठी जे करावयाचे, ते त्या हयात आहेत तोवरच करता येईल.