प्रश्न विचारणारी पंडिता

पंडिता रमाबाईंचं नाव काढलं की आपल्याकडे अजूनही पहिला विषय निघतो तो धर्मांतराचा. कुणी नाक मुरडतं, कुणी कौतुक करतं. पण ख्रिस्ती झाल्यावरही ही बाई मुकाट बसली नाही, हे फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. आईनं तेच संस्कृत लेकीला दिलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरायचं. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर पायपीट करत रमा १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

मग भाऊही गेला. बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. जेमतेम दोन वर्षांत तेही कॉलऱ्यानं गेले. पदरात तान्ही मनोरमा. तरी १८८२ मध्ये पुण्यात येऊन बाईंनी आर्य महिला समाज काढला. हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असं ठणकावून सांगितलं.

१८८३ मध्ये डॉक्टर व्हायला म्हणून इंग्लंडला गेल्या, पण कानांनी दगा दिला आणि ते राहूनच गेलं. तिथं त्यांनी पाहिलं, की वाट चुकलेल्या बायकांची सेवा मठातल्या जोगिणी मायेनं करतात. ही माया येते कुठून, असं त्यांनी विचारलं, तेव्हा येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. त्या गोष्टीनं त्यांचं मन जिंकलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

गोष्ट इथं संपत नाही, मैत्रिणींनो! त्रैक्य म्हणजे काय, येशूचं देवत्व कसं मानायचं, असे प्रश्न त्या धर्मगुरूंना विचारत राहिल्या. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी संस्कृत का नको, हेही विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असं भारतातल्या इंग्रज बिशपांचं मत पडलं. त्याचाही बाईंनी निषेध केला. जेवण मात्र शाकाहारीच ठेवलं. पुण्यात शास्त्र्यांना विचारलं म्हणून उद्धट, इंग्लंडात बिशपांना विचारलं म्हणून हट्टी! प्रश्न विचारणारी बाई कुठल्याच घरात सहज खपत नाही.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे इथल्याच विद्यार्थिनी. मुलींना ख्रिस्ती धर्म शिकवायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण बाईंच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये मोठा गदारोळ उठला. 'केसरी'नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

सरकारलाही त्यांनी सोडलं नाही. १८८९ च्या मुंबई काँग्रेसला हजर राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी छावणीत बायकांचे हाल झाले, तेव्हा राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत हे न पाहता त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. प्रकरण इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेलं.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेली ही बाई तिकडे गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. पुण्याजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. विणकाम, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना, सगळं बायकाच बघायच्या. आंधळ्या मुली बोटांनी ब्रेल वाचायच्या. इथल्या बऱ्याच मुली ख्रिस्ती झाल्या, त्यावर टीका झाली, अजूनही होते. वाद घालायचा तर जरूर घालावा. पण त्या दुष्काळात त्यांना उचलायला कोण गेलं होतं, हेही त्याच दमात विचारावं.

अखेरच्या काळात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला बाईही गेल्या. १९२४ मध्ये ते बायबल मुक्तीच्या छापखान्यातूनच पुरं छापून निघालं.

केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार बायकामुलींना आसरा देतं. नवऱ्यानं टाकलेली बाई गाठोडं घेऊन दारात आली, की आपण आधी जात विचारतो, मग माहेर, मग चूक कुणाची ते. बाई, जेवलीस का, हे विचारायचं मात्र राहून जातं. रमाबाईंचा धर्म पटो न पटो, तेवढा एक प्रश्न त्यांच्याकडून घ्यायला काय हरकत आहे?